कमावलेली आघाडी कुणाची? फॉर्म्युला वनच्या चाहत्याने अमेरिकन शर्यती कशा पाहाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही कैक वर्षं फॉर्म्युला वन पाहता, अलीकडे अमेरिकेतल्या इंडीकार (फॉर्म्युला वनसारख्याच उघड्या चाकांच्या गाड्या) आणि नॅसकार (बंद, जड गाड्या) या मालिकाही पाहायला घेतल्यात, पण मन रमत नाही. एकाच दिशेला गोल फिरायचं, कुणी पुढे निघाला की पिवळा झेंडा दाखवून सगळ्यांना परत एकत्र आणायचं, आणि शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत ज्याचं फावलं तो विजेता. याला शर्यत म्हणायचं का, आणि म्हणायचं तर या दोन जगांची तुलना नेमकी कशावर करायची?

मी शर्यतीच्या संघांत टायर आणि डेटा सांभाळण्याचं काम केलं आहे. सुरुवात कोइम्बतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर झाली, पुढे अमेरिकेतल्या लहान ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर. दोन्हीकडच्या शर्यतींवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून जरा लांबीनं उत्तर देतो.

गाभ्याची गोष्ट आधी सांगतो. या दोन जगांत गाड्या वेगळ्या आहेत, ट्रॅक वेगळे आहेत, पण खरा फरक न्यायाच्या कल्पनेत आहे. फॉर्म्युला वनमध्ये वीस सेकंदांची आघाडी ही ड्रायव्हरची आणि त्याच्या कारखान्याची कमाई असते. ती कुणी काढून घेतली तर अन्याय झाला असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत आघाडी कायमची नसतेच. ती केव्हाही पुसली जाणार हे ड्रायव्हरला, अभियंत्याला आणि तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला शर्यत सुटण्याआधीच ठाऊक आणि मान्य असतं. तिथे कसोटी लागते ती वेगळ्याच गोष्टीची: आघाडी पुसली गेली त्या क्षणी तू कितवा आहेस, तुझ्या टायरमध्ये किती जीव उरला आहे आणि टाकीत किती इंधन आहे?

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींचंच पाहा. खेड-जुन्नरच्या घाटात एका वेळी एकच बारी सुटते आणि सेकंदांवर नंबर ठरतो. सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी शेजारी सुटतात, गट, सेमी, फायनल असं चढत जावं लागतं, आणि जो आधी पोचला तो जिंकला. घाटातला शौकीन तिकडच्या मैदानात उभा राहून घड्याळच शोधत बसला, तर समोर चाललेलं त्याला दिसणारच नाही. तुमचं सध्या तसं होतं आहे.

डिसेंबर २०२१ मधली अबू धाबीची शर्यत तुम्ही पाहिली असेलच. लुईस हॅमिल्टन आरामात पुढे होता, मोजक्या फेऱ्या उरल्या होत्या, तेवढ्यात निकोलस लाटिफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवणारी सेफ्टी कार आली. रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांच्या मधल्या, एक फेरी मागे पडलेल्या पाचच गाड्यांना पुढे काढलं आणि शेवटच्या एका फेरीसाठी शर्यत सुरू केली. नव्या सॉफ्ट टायरवरच्या व्हर्स्टापेननं जगज्जेतेपद नेलं. पुढे मासींना त्या पदावरून हटवण्यात आलं आणि एफआयए या खेळाच्या नियामक संघटनेच्या अहवालात मानवी चूक झाल्याचं मान्य केलं गेलं. पाचच गाड्या पुढे काढणं नियमाला धरून नव्हतं, यात शंका नाही. पण माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना बाकीच्या संतापाचा अर्थच लागेना. शेवटची फेरी हिरव्या झेंड्याखाली व्हावी यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता: शेवटी पिवळा झेंडा येऊ शकतो हे माहीत असताना संघानं हॅमिल्टनला जुन्या टायरवर बाहेर का ठेवलं?

दीड वर्षानं, मे २०२३ मध्ये, इंडीकारच्या इंडियानापोलिस ५०० या मानाच्या शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात तीन वेळा लाल झेंडा आला, म्हणजे शर्यत पूर्ण थांबली. तिसऱ्यांदा तर गाड्या पिटमधून (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेतून) निघाल्या आणि थेट शेवटची फेरीच सुरू झाली. मार्कस एरिक्सन पुढे होता, जोसेफ न्यूगार्डननं त्याला मागच्या सरळ पट्ट्यावर गाठलं आणि जिंकला. असा शेवट रास्त नव्हता, हे एरिक्सननं लगेच बोलून दाखवलं. म्हणजे वाद तिकडेही होतात. पण २०२० मध्ये उलट घडलं होतं. स्पेन्सर पिगोच्या अपघातानंतर शर्यत पिवळ्या झेंड्याखालीच संपली, ताकुमा सातो जिंकला, आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवायला हवी होती, निकाल लढून लागायला हवा होता, अशी जोरदार ओरड झाली. ती ओरड ऐकली की अमेरिकन प्रेक्षकाचं मन कळतं.

आता पिवळ्या झेंड्याबद्दल, कारण तुमचा सगळा राग त्याच्यावर आहे. तो करमणुकीसाठी शोधून काढलेला नाही. बेल्जियममधल्या स्पाची फेरी सात किलोमीटरची. एका वळणावर गाडी अडकली तर तेवढ्याच भागात झेंडे दाखवून भागतं. जूल्स बियांकीचा २०१४ मध्ये सुझुकाला अपघात झाला, त्यानंतर २०१५ पासून फॉर्म्युला वनमध्ये व्हर्च्युअल सेफ्टी कार आली: सगळे हळू चालतात आणि एकमेकांमधलं अंतर जवळपास तसंच राहतं. कमावलेलं राखायचं, ही तिथली वृत्ती त्या नियमातही दिसते. ओव्हलवर मात्र हे जमत नाही. नॅसकारच्या मार्टिन्सव्हिलची फेरी वीस सेकंदांत संपते, इंडियानापोलिसची चाळीस सेकंदांत. पसरलेल्या गाड्या नुसत्या हळू केल्या तरी दर एक-दोन सेकंदांनी एक गाडी येतच राहणार. सगळ्यांना पेस कारच्या (तिकडच्या सेफ्टी कारच्या) मागे एका रांगेत आणलं, तरच बाकीचा ट्रॅक रिकामा होतो आणि माणसं खाली उतरून तुकडे उचलू शकतात. आधी ही गरज होती, मग तिच्याभोवती डावपेच वाढले, आणि मग प्रेक्षकांना त्या डावपेचांचीच गोडी लागली.

नॅसकारमधला ‘लकी डॉग’ नावाचा नियम तुम्हाला विशेष खटकला असणार. पिवळा झेंडा आला की एक फेरी मागे पडलेल्यांतला जो सर्वांत पुढे असेल, त्याला त्याची फेरी परत मिळते. हा नियम २००३ मध्ये आला. त्याआधी पिवळा झेंडा दिसला तरी गाड्या रेषेपर्यंत भरधाव शर्यत करत, कारण मागे पडलेल्याला फेरी परत मिळवायची तीच संधी असे. त्या वर्षी न्यू हॅम्पशायरला डेल जॅरेटची गाडी ट्रॅकच्या मधोमध बंद पडली आणि त्याच्या दिशेनं बाकीचे त्याच वेगात आले. त्यानंतर रेषेपर्यंत धावणं बंद झालं आणि गमावलेल्या संधीच्या बदल्यात ही सवलत आली. अमेरिकेतल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या नियमांच्या मागे असा एखादा नेमका दिवस असतो.

ओव्हल आले कुठून, हेही पाहायला हवं. युरोपात मोटारी आल्या तेव्हा शर्यती गावातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर झाल्या: १८९४ ची पॅरिस ते रूअँ, मग आणखी लांबच्या. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतकी माणसं मेली की ती बोर्दोलाच थांबवावी लागली. त्यानंतर बंद केलेल्या रस्त्यांचे सर्किट आले. ला मान्समध्ये आजही सार्वजनिक रस्त्याचा मोठा भाग वापरतात, मोनॅको तर शहरच आहे. अमेरिकेत धड रस्तेच नव्हते, पण प्रत्येक जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतीची मातीची लंबगोल धावपट्टी होती. भोवती कुंपण, बाजूला बसायला पायऱ्या आणि दारावर तिकीट. मिलवॉकीच्या मैदानात १९०३ पासून मोटारी पळत आहेत. तिकीट काढून आलेल्या माणसाला सगळी शर्यत डोळ्यांसमोर दिसली पाहिजे, हा आग्रह तिथपासून आहे. मोनॅकोला तुम्ही एका वळणावर बसता आणि प्रत्येक गाडी काही सेकंद पाहता. नॅसकारच्या ब्रिस्टलला अर्ध्या मैलाचा अख्खा वाडगा तुमच्यासमोर असतो. (युरोपाला ओव्हलचं वावडं होतं असंही नाही. इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स १९०७ चं, म्हणजे इंडियानापोलिसच्या दोन वर्षं आधीचं. इटलीतल्या मोंझाच्या चढत्या कडांवर १९६१ पर्यंत ग्रां प्री झाली.)

इंडियानापोलिस नीट समजलं तर बाकीचं सोपं जातं, म्हणून तिथे थोडं थांबू. अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटरचा ट्रॅक, चार वळणं. १९०९ मध्ये बांधला, त्याच वर्षी बत्तीस लाख विटा अंथरल्या. आज त्यातल्या एक यार्डभर विटा तेवढ्या रेषेवर उघड्या ठेवल्या आहेत. पहिली ५०० मैलांची शर्यत १९११ मध्ये रे हॅरूननं जिंकली. चारही वळणांचा कल ९ अंशांच्या जरा वर, म्हणजे नॅसकारच्या डेटोना ट्रॅकच्या ३१ अंशांपुढे जवळजवळ सपाटच. कागदावर चारही वळणं सारखी, प्रत्यक्षात एकही दुसऱ्यासारखं नाही. वारा समोरून आला तर पुढचा पंख जास्त दाबतो, पाठीमागून आला की तीच गाडी त्याच वळणाला सरळ भिंतीकडे निघते. ऊन आलं की डांबर तापून पकड जाते, ढग आला की परत येते. ड्रायव्हर दर फेरीला कॉकपिटमधून अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) आणि वेट जॅकर हलवत असतो. वेट जॅकरनं गाडीचं वजन एका कोपऱ्यातल्या चाकाकडून दुसऱ्याकडे सरकतं. स्टिअरिंगला पॉवरची मदत नसते. हे सगळं ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगात, भिंत हातभर अंतरावर असताना. ‘नुसतं डावीकडे वळायचं’ असं म्हणणाऱ्याला मी एकच सांगतो: फॉर्म्युला वनमध्ये चूक झाली तर बहुतेक ठिकाणी रुंद डांबरी पट्टा असतो, इथे काँक्रीटवर बसवलेली भिंत असते.

आणि आघाडीवर असणं इथे नेहमी फायद्याचं नसतं. पुढची गाडी हवा फोडते, मागच्याला ओढ मिळते, त्याचं इंधनही वाचतं. मात्र वळणात त्याच मागच्या गाडीच्या पुढच्या पंखाला स्वच्छ हवा मिळत नाही आणि नाक बाहेर जातं. म्हणून चांगला ड्रायव्हर शेवटच्या वीस-तीस फेऱ्या फक्त मोजमाप करतो: समोरचा तिसऱ्या वळणात केव्हा थ्रॉटल सोडतो, किती अंतरावर राहिलं तर ओढ मिळते पण पकड जात नाही. २०२४ च्या शेवटच्या फेरीत पॅटो ओ’वॉर्डनं पहिल्या वळणाला न्यूगार्डनला मागे टाकलं, तेव्हा अनुभवी डोळ्यांना वाटलं की हा जरा लवकर गेला. तिसऱ्या वळणाला न्यूगार्डन बाहेरच्या बाजूनं आला आणि सलग दुसऱ्या वर्षी जिंकला. ओ’वॉर्ड नंतर रडला. त्या एका फेरीत दोघांनी आधीच्या तीन तासांत जमवलेली सगळी माहिती खर्च केली. ती माहिती जमताना पाहिली नसेल तर शेवटची फेरी नशिबाची वाटते.

तिथली पात्रता फेरी तर मला फॉर्म्युला वनच्या क्यू थ्रीहूनही (पात्रतेच्या अखेरच्या टप्प्याहूनही) भारी वाटते, आणि क्यू थ्री मला फार आवडते. एकटी गाडी, सलग चार फेऱ्या, चारांची सरासरी. २०२४ मध्ये स्कॉट मॅक्लॉक्लिननं ताशी २३४.२२० मैल काढले, म्हणजे ३७७ किलोमीटरच्या आसपास. एकच उत्तम फेरी मारून भागत नाही, चौथ्या फेरीत टायर उतरलेला असतो आणि तरी पाय उचलायचा नसतो. जागा तेहतीसच. २०१९ मध्ये दोन वेळचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो, पाठीशी मॅक्लारेन, या तेहतीसांत बसला नाही. शेवटची जागा हुंकोस नावाच्या लहानशा संघाच्या काइल कायझरनं घेतली. प्रायोजक गेलेले, शुक्रवारी गाडी फुटलेली, दुसरी गाडी घाईनं जुळवलेली. फरक ताशी ०.०१९ मैलाचा. मोठ्या नावाला दार बंद होऊ शकतं हे मी तरी दुसऱ्या कुठल्या मोठ्या शर्यतीत इतक्या स्वच्छपणे पाहिलेलं नाही.

नॅसकारकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहावं लागतं. गाडी जड, टायर तिच्या मानानं अरुंद, गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर कमी, त्यामुळे ती घसरतच चालते. रेडिओवर दोन शब्द सतत ऐकू येतील: ‘टाइट’, म्हणजे गाडी वळत नाही, आणि ‘लूज’, म्हणजे मागची बाजू सुटते. पिटमध्ये एक जण मागच्या काचेतून पाना घालून फिरवताना दिसला तर तो मागच्या स्प्रिंगवरचा भार बदलतो आहे. पाच माणसं भिंत ओलांडून येतात, चार चाकं आणि इंधन साधारण नऊ-अकरा सेकंदांत. त्यांतले बरेच जण कॉलेजात अमेरिकन फुटबॉल किंवा तत्सम खेळ खेळलेले असतात. फॉर्म्युला वनमध्ये वीसेक माणसं दोन-अडीच सेकंदांत चाकं बदलतात. ते नेत्रदीपक आहे, पण तिथे नेहमी चारही चाकं बदलतात. नॅसकारमध्ये खरा प्रश्न असतो ‘दोन की चार?’ ओव्हलवर भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून फक्त उजवी दोन बदलून चार-पाच सेकंद वाचवता येतात आणि गाडी पुढे निघते. पण मागून चार नवी चाकं घेतलेले येत असतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फीनिक्सला हाच प्रश्न एका माणसाच्या कारकिर्दीवर येऊन बसला. डेनी हॅमलिननं कित्येक हंगाम वाट पाहिली, नॅसकारची मानाची डेटोना ५०० शर्यत तीनदा जिंकली, पण हंगामाचं विजेतेपद कधी नाही. त्या दिवशी तो दोनशेहून जास्त फेऱ्या आघाडीवर होता. तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा आला, सगळे पिटमध्ये. हॅमलिननं चार चाकं घेतली, काइल लार्सननं दोन. दोन फेऱ्यांच्या अखेरच्या झुंजीत लार्सन हॅमलिनच्या पुढे राहिला आणि संपूर्ण शर्यतीत एकही फेरी आघाडीवर नसताना हंगामाचा विजेता ठरला. माझं मत स्पष्ट आहे: वर्षभराचं विजेतेपद एका दुपारवर लावण्याची ती पद्धत मला कधीच पटली नाही. शेवटच्या शर्यतीत चार जणांत जो पुढे तो विजेता, ही रचना २०१४ मध्ये आणली गेली आणि तिनं बऱ्याच चांगल्या हंगामांची माती केली. पण त्या पिट स्टॉपमधला निर्णय मला अस्सल शर्यत वाटतो. दोन फेऱ्यांसाठी दोन चाकं पुरेशी आहेत, हे लार्सनच्या माणसांनी काही सेकंदांत ओळखलं.

याच पद्धतीनं २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलला एक अचाट प्रकार घडवला. रॉस चॅस्टेनला अंतिम चौघांत जायला दोन जागा हव्या होत्या. शेवटच्या फेरीत त्यानं गाडी बाहेरच्या भिंतीला लावली, थ्रॉटल पूर्ण दाबला आणि भिंतीचाच आधार घेत पाच गाड्या ओलांडल्या. फेरीचा वेळ १८.८४५ सेकंद, त्या ट्रॅकवरचा विक्रम. पुढच्या हंगामाआधी नॅसकारनं स्पष्ट केलं की असं पुन्हा केलं तर दंड होईल. ते योग्यच झालं.

तुमचा एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. डेटोना आणि टॅलाडेगाच्या आजच्या नॅसकार शर्यतींत मधला बराच वेळ सगळे इंधन वाचवत, अर्धा थ्रॉटल सोडून, तीन-तीनच्या रांगांत चालतात, आणि शेवटी मोठा अपघात होतो. ते पाहून नॅसकारबद्दल मत बनवू नका. १९७९ च्या डेटोना ५०० नं हा खेळ अमेरिकाभर पोचवला. ती पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली गेली, बर्फानं पूर्वेकडचे लोक घरात अडकले होते, शेवटच्या फेरीत केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन एकमेकांवर आदळले आणि रिचर्ड पेटी जिंकला. तेव्हाची ओढाओढ आणि आजची फार वेगळी आहे. २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडून मध्ये ठरवून पिवळा झेंडा आणतात, तेही मला खुपतं. अपघातामुळे आलेला पिवळा झेंडा आणि वेळापत्रकानं आणलेला पिवळा झेंडा यांत फरक आहे.

मात्र कृत्रिमपणा एकाच बाजूला आहे असं समजू नका. २०२४ च्या मोनॅकोला पहिल्याच फेरीत लाल झेंडा आला, सगळ्यांनी टायर तिथेच बदलले आणि पहिले दहा जण जसे सुटले तसेच पोचले. पुढच्या वर्षी म्हणून दोन पिट स्टॉप सक्तीचे केले, तर काही संघांनी एक गाडी मुद्दाम हळू चालवून दुसरीसाठी जागा तयार केली. डीआरएसनं, म्हणजे मागचा पंख उघडून हवेचा अडथळा कमी करणाऱ्या सोयीनं, २०११ ते २०२५ मागच्याला वेगाची सवलत दिली, पुढच्याला नाही. आघाडी राखू द्यायची म्हटलं तरी कुणीतरी कुणाला ओलांडलेलं सगळ्यांना हवंच असतं.

गाड्यांबद्दल थोडक्यात. फॉर्म्युला वनचा संघ आपली गाडी स्वतः घडवतो आणि ती घडण हाच खेळाचा अर्धा भाग आहे. २०२३ मध्ये रेड बुलनं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या, त्यात व्हर्स्टापेनच्या १९. ते एकतर्फी होतं, पण त्या गाडीच्या सस्पेन्शनचा आणि तळाचा अभ्यास करण्यात मी कित्येक रात्री आनंदानं घालवल्या. इंडीकारमध्ये सगळ्यांना डलारा कंपनीचीच चॅसी (गाडीचा सांगाडा), इंजिन शेव्हरोले किंवा होंडा, टायर फायरस्टोन. संघांना डोकं चालवायला मोठी जागा उरते ती डॅम्परमध्ये (धक्के शोषणाऱ्या भागांत) आणि सेटअपमध्ये. यावरून तिथे निकाल चिठ्ठ्या टाकल्यासारखा लागतो असं वाटेल, तर २०२५ पाहा: ॲलेक्स पालौनं १७ पैकी ८ शर्यती जिंकल्या, इंडियानापोलिस ५०० सुद्धा त्यातच. सारख्या गाड्यांतही उत्तम ड्रायव्हर आणि उत्तम अभियंता उठून दिसतातच.

दोन जगांनी एकमेकांना आजमावून पाहिलं आहे, आणि तुलनेसाठी मला ती उदाहरणं सर्वांत उपयोगी वाटतात. १९५७ आणि १९५८ मध्ये मोंझाच्या ओव्हलवर अमेरिकन गाड्या विरुद्ध युरोपियन अशी शर्यत झाली. पहिल्या वर्षी बहुतेक युरोपियन संघ धोक्याचं कारण देऊन आलेच नाहीत, दोन्ही वर्षं अमेरिकन जिंकले. १९६५ मध्ये जिम क्लार्क मोनॅको सोडून इंडियानापोलिसला गेला आणि मागे इंजिन असलेल्या लोटसनं जिंकून त्यानं तिथल्या पुढे इंजिन असलेल्या गाड्यांचा जमाना संपवला. मारिओ आंद्रेत्ती १९६७ ची डेटोना ५००, १९६९ ची इंडियानापोलिस ५०० आणि १९७८ चं फॉर्म्युला वन जगज्जेतेपद, तिन्ही मिळवणारा एकटाच. त्याच्यानंतर आजवर एकही अमेरिकन ग्रां प्री जिंकलेला नाही. आणि अलीकडचा शेन व्हॅन गिसबर्गन: न्यूझीलंडचा हा गडी २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर नॅसकारची पहिलीच शर्यत जिंकला, २०२५ मध्ये रोड आणि स्ट्रीट सर्किटवर पाच जिंकला, पण ओव्हलवर त्याला पहिल्या दहांतसुद्धा झगडून जावं लागतं. ओव्हल ही वेगळी विद्या आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आपल्या नारायण कार्तिकेयननं हे दोन्ही भोगलं आहे. २००५ ची अमेरिकन ग्रां प्री इंडियानापोलिसलाच झाली. ओव्हलचं एक चढतं वळण त्या सर्किटमध्ये होतं आणि मिशेलिनचे टायर तिथला भार सोसत नव्हते, म्हणून ते वापरणारे संघ बाहेर पडले. शर्यतीला सहाच गाड्या उरल्या. नारायण जॉर्डन संघाकडून चौथा आला, भारतीयाचे फॉर्म्युला वनमधले पहिले गुण. पाच वर्षांनी तोच नॅसकारच्या ट्रक मालिकेत मार्टिन्सव्हिलला उतरला, पदार्पणातच तेरावा आला, आणि त्या हंगामात मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी त्याला निवडलं.

सुरुवात कुठून करायची? फॉर्म्युला वनहून थेट नॅसकारवर उडी मारू नका. मधला पूल सहनशक्तीच्या शर्यतींचा आहे. २०२३ पासून एकाच जातीच्या गाड्या ला मान्सलाही चालतात आणि डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीलाही. जानेवारीतली डेटोना पाहा: तेच बीएमडब्ल्यू, कॅडिलॅक, पण नियम अमेरिकन, पिवळे झेंडे भरपूर. बावीस तास आघाडी येते-जाते आणि कुणी कुरकुर करत नाही. अंतर जमवण्यापेक्षा गाडी धड ठेवून शेवटच्या दोन तासांत पोचणं महत्त्वाचं, ही सवय डोळ्यांना तिथे लागते. मग मे महिन्यात इंडियानापोलिस, पण पात्रतेपासून. शर्यत भारतीय वेळेनुसार रात्री सव्वादहाच्या सुमारास सुटते आणि दीडपर्यंत संपते, रविवारी जागायला हरकत नाही. नॅसकारमध्ये पहिली डार्लिंग्टन पाहा. १९५० चा ट्रॅक, एका टोकाला तळं वाचवायचं म्हणून अंड्यासारखा वाकडा बांधलेला, डांबर खरखरीत. टायर इतके झिजतात की वीस फेऱ्यांत गाडीचा वेग डोळ्यांना कळेल एवढा पडतो. तिथली ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीची सदर्न ५०० आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुटते आणि सकाळपर्यंत चालते, तेव्हा सोमवारी ऑफिस असेल तर रेकॉर्डिंग पाहा, फक्त निकाल आधी वाचू नका.

पाहताना मधल्या फेऱ्या सोडून पळवू नका. एक ड्रायव्हर धरा, शक्यतो सातवा-आठवा असलेला. त्याचा रेडिओ ऐकायला मिळाला तर उत्तम. नॅसकारमध्ये सगळ्यांचे रेडिओ खुले असतात, ट्रॅकवर तर प्रेक्षक भाड्यानं स्कॅनर घेऊन बसतात. प्रेक्षागाराच्या छतावर उभा असलेला स्पॉटर ड्रायव्हरला कोण आत आहे, कोण बाहेर, हे सतत सांगत असतो. ड्रायव्हर ‘टाइट’ म्हणाला, पिटमध्ये काय बदललं, त्यानंतर वळणात गाडी कशी गेली, एवढं धरून ठेवा. मग पिवळा झेंडा आला की कुणाची आघाडी गेली याच्या आधी तुमच्या मनात प्रश्न येईल: आपला गडी आता दोन घेणार की चार?